मुलींच्या संडासाचं कुलूप

ती बाई वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी करून, साडीवरचा कंपनीचा निळा शर्ट न काढताच शाळेच्या फाटकाशी यायची. मी नातीला न्यायला यायची, पण तिचं नाव कधी विचारलं नाही. लेक बाहेर आली की आधी तिची पाण्याची बाटली हलवून बघायची.

बाटली भरलेलीच असायची. आमच्या मनपा शाळेच्या अर्ध्या खोल्या एका संस्थेच्या इंग्रजी शाळेला दिल्या, मधे हिरवी जाळी बांधली, अन् मुलींचे संडास गेले जाळीपलीकडं. तिकडच्यांनी त्याला कुलूप ठोकलं. आमच्या पोरी मग दिवसभर पाणीच पीत नसत. सांगा, ही काय रीत झाली?

पालकसभेत मनपाचे साहेब म्हणाले, "ताई, समजून घ्या, दोन्ही शाळा आपल्याच आहेत." अन् त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"पिऊ नका साहेब," ती म्हणाली. "घरी जाईस्तोवर दम धरावा लागंल."

बाया हसल्या. ती नाही हसली. सरळ उठली, जाळी वर करून पलीकडं गेली अन् त्या कुलपाच्या दारात जाऊन बसली. मग आम्हीही बसलो, माझे गुडघे बोंबलत होते तरी.

बऱ्याच वेळानं तिकडचा शिपाई किल्ली घेऊन आला, तिच्यापुढं धरली. "घ्या मावशी, तुमच्या शाळेच्या बाईंपाशी ठेवा."

"किल्ली नको. माझ्या लेकीनं लघवीला जायचं कुणाकुणाला इचारायचं? कुलूप काढून न्या."

त्यानं कुलूप काढलं, तशा आम्हाला ओलांडून पोरी आत पळाल्या. इतका वेळ त्या आमच्या मागं गुपचूप उभ्या होत्या. ते बघून माझा राग आणखीच भडकला.