काटेवाल्या मावशी

संशोधन केंद्राच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये त्यांना सगळे काटेवाल्या मावशी म्हणत. चौदा वर्षं त्यांचं काम एकच: पक्षी अलगद उचलायचा, वजनकाट्यावरच्या डब्यात ठेवायचा, आकडा सांगायचा. या उन्हाळ्यात निम्म्या कप्प्यांतल्या खाद्यात एक पिवळसर भुकटी मिसळली जात होती. उकाड्यानं आणि गर्दीनं बिथरणारे पक्षी त्यानं शांत राहतात का, ते बघायचं होतं. मावशींना ते नुसत्या कानांनी कळे. भुकटीवाल्या कप्प्यांत धापा कमी, टोचाटोची कमी.

घरी मात्र त्यांचं काही चालत नव्हतं. नववीतली लेक रोज सकाळी उठली की ओकायची. शाळेचं सगळं फोनवर आलं होतं: गृहपाठ, गुण, कोण कितवं. फोन वाजला की पोरीचा चेहरा पांढराफटक पडे. बराच वेळ वाजला नाही तर आणखीच. मुलांना किती चिंता वाटते ते मोजायला शाळेनं प्रश्नावली पाठवली, तीही फोनवरच. लेकीनं सगळीकडे ‘कधीच नाही’वर बोट ठेवलं.

“अगं, खरं का नाही लिहिलंस?”

“वर नाव घालायचं होतं, आई.”

एका रविवारी मावशींनी मन घट्ट केलं आणि फोन कपाटात घालून कुलूप लावलं. पोर रडली, भांडली, मग दुपारी चक्क गाढ झोपली. रात्री मागून घेऊन जेवली. मावशींचा जीव भांड्यात पडला.

मंगळवारी लेक शाळा सुटायच्या आधीच घरी आली. शुक्रवारची गणिताची परीक्षा अलीकडे ओढून आजच घेतली होती. निरोप फोनवर आला होता.

“सगळ्यांना माहीत होतं. फक्त मलाच नाही,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हेच मावशींना सोसवेना.

फोन त्यांनी लगेच काढून दिला. पण दुसऱ्या दिवसापासून लेकीनं शाळेचं नाव टाकलं. मावशी वर्गशिक्षिकेला भेटल्या. बाई स्वभावानं चांगल्या होत्या.

“निरोप तर सगळ्यांना गेला होता हो. आणि तिच्या प्रश्नावलीत काहीच नाही. वर्गात सगळ्यात निवांत तीच दिसते.”

त्या आठवड्यात मावशींचे आकडे चुकू लागले. शेडवरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग चाचरत म्हणाल्या, “पोरांसाठी अशी भुकटी निघालीय का हो?”

“माझा विषय कोंबड्या, मावशी. तुम्हाला खोटं कसं सांगू?” डॉक्टरीणबाईंनी मनाच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. मावशींनी फोन लावला, तर दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली.

दहाव्या दिवशी लेकीनं आपणहून गणवेश चढवला. मावशी सोबत निघाल्या. शाळेचं फाटक समोर दिसलं आणि पोरीनं त्यांचा दंड धरला.

“पाय उचलत नाहीये, आई.”

समोरच्या बसथांब्यावर दोघी बसल्या. घंटा झाली. पहारेकऱ्यानं फाटक ओढून घेतलं. मावशींची कामावर पोचायची वेळ टळून गेली.

“घरी जाऊ या?”

“नको. घरी पण नको.”

काय करावं ते मावशींना उमगेना. बस आली, थांबली, निघून गेली. त्या नुसत्या तिच्या शेजारी बसून राहिल्या.