महाराणीचा लेप आणि माझं तोंड

राण्यांच्या सौंदर्याची गुपितं सांगतो म्हटल्यावर तुम्ही केशराची डबी शोधायला उठला असाल, तर बसा खाली. माझ्याकडे तसलं काही नाही. माझं स्वतःचं स्किनकेअर म्हणजे अंघोळीचाच साबण, तोंडाला जरा जास्त.

पण मावशीला हे सगळं येतं. जवळच्याच बेव्हर्ली पार्क वस्तीतल्या पार्लरमधली नोकरी सोडून तिने नवघरच्या आमच्या हॉलमध्ये खुर्ची मांडली आणि दारावर पाटी लावली, 'महाराणी फेशियल'. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन कशाबशा तयार झाल्या. बिल्डिंगची भिशी त्याच चालवतात. त्या खूश झाल्या तर अख्खी भिशी येणार, नाहीतर मावशी परत जुन्या मालकिणीच्या दारात.

मावशीने मुलतानी माती, चंदन, गुलाबपाणी कालवून बेनच्या तोंडाला जाड लेप लावला आणि मला म्हणाली, "सुकेपर्यंत राण्यांची माहिती सांग. आवाज चांगलाय तुझा. आणि नीट सांग, नकला नकोत!"

मी नीटच सुरुवात केली. "इजिप्तची राणी म्हणे गाढविणीच्या दुधात अंघोळ करायची."

लेपाखालून ओठ न हलवता बेन म्हणाल्या, "इतना दूध?"

आता एवढं विचारल्यावर कोण गप्प बसणार? मी राणीचा आवाज काढला, "काय रे, आज दूध पातळ का?" लगेच आमच्या दूधवाल्याचा, "रानीसाहिबा, आज गधी का मूड नहीं था."

बेनचं पोट हललं. मावशीने डोळे वटारले. मी घाईघाईने चीनला गेलो. "तिथल्या राण्या मोती कुटून तोंडाला लावायच्या, असं म्हणतात." इथे थांबायला हवं होतं. पण राजा घुसलाच मध्ये, "अगं, लग्नातला हार कुठे गेला?" आणि राणी लाजत म्हणाली, "गालावर आहे, नीट बघा की!"

बेन फुटल्या! मिठागराची जमीन उन्हात तडकावी तसा लेप कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकला. ढलप्या ओढणीवर, सोफ्यावर. "बस कर ने, मरी गई!" म्हणत त्या खुर्ची गच्च धरून हसत होत्या. मावशीचं तोंड मात्र लेप न लावताच पांढरं पडलं.

तिने बेनचं तोंड धुतलं, आरसा दिला. बेननी गाल इकडून बघितले, तिकडून बघितले.

"ताई, देखो तो, कैसा गुलाबी! गुरुवारला सगळी भिशी घेऊन येते मी. पण हा पोरगा पाहिजे हां!"

दार लागलं. मी मावशीला टाळी द्यायला हात पुढे केला.

"टाळी कसली देतोस? लेप सुकताना बाईला हसवतात होय रे? डोळ्यात गेलं असतं तर? कुठली माती कुठल्या कातडीला, हे शिकताना माझे हात सोलले, आणि बाई नाव कुणाचं घेऊन गेली? तुझं! गुरुवारी काय बरळायचं ते लेप लावायच्या आधी बरळ. मी ब्रश हातात घेतला की तुझं तोंड बंद! आणि दात काय काढतोयस? ऊठ, सोफा झटक. गुरुवारी बायका बसणार आहेत त्यावर!"