नांगराला हुपरीची साखळी

प्लॅस्टिकचं जहाज जोडायला घेतलं की मी आधी सगळे भाग मोजते, कामांची यादी कपाटाच्या दाराला चिकटवते आणि मगच ग्लूची बाटली उघडते. हे माझं सातवं जहाज, पण ते माझ्यासाठी नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तरुणपणी नौदलात, याच जहाजावर होते. आता ते कोल्हापूर सोडून कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले होते. जाताना तुमचं जहाज तुमच्याबरोबर देईन, असं मी कबूल करून बसले होते.

रविवारी ते निघणार होते. त्याआधीच्या सोमवारी मी त्यांना खाली बोलावलं. चार महिन्यांचं काम, रंग वाळलेला, झेंडा लावलेला. काकांनी चष्मा पुसला आणि डेकला नाक लागेल एवढे वाकले.

"झ्याक झालंय. पण ही साखळी न्हाय पोरी, रांगोळी हाय."

खरं होतं. संचात नांगराची साखळी वेगळी येत नाही. डेकवरच तिची उठावदार नक्षी असते, ती आपण रंगवायची.

"एवढीशी आहे काका, कुणाला दिसणार?"

"मला दिसतीया की."

नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "म्हंजे आधीची सहा जहाजं पण रांगोळीवरच हायत म्हणायची!"

त्याच संध्याकाळी मी ब्लेडने रांगोळी खरवडली. बारीक साखळी ऑनलाइन मिळत होती, पण दहा दिवसांनी. चांदीच्या कड्यांवर कड्या जोडणारी माणसं बसने तासाभराच्या आत असताना दहा दिवस कशाला? बुधवारी अर्धी रजा टाकून हुपरी गाठली.

घराच्या पुढच्या सोप्यातच कारागिराचं काम चालू होतं. मी वीतभर साखळी मागितली, कड्या शक्य तितक्या बारीक.

"बाळाचं पैंजण?"

"नाही, जहाजाच्या नांगराला."

"अगं, ऐकलीस काय?" त्याने बायकोला हाक मारली. "जहाजाला पैंजण!"

"मग जोडी लागंल की," ती आतूनच म्हणाली.

जोडीच हवी होती, नांगर दोन असतात. "पॉलिश मात्र करू नका," मी सांगितलं. "मी काळ्या रंगाने रंगवणार आहे."

त्याने चिमटा खाली ठेवला. "ताई, लोकं काळी पडलेली चांदी पांढरी करायला आणत्यात. तुम्ही पांढरी न्हिऊन काळी करणार?" मी मोबाईलवर खऱ्या जहाजाचा फोटो दाखवला. त्याने बोटांनी फोटो मोठा करून साखळी बघितली. "बरं. पण ही मी केली म्हणून कुणाला सांगू नका."

शुक्रवारी साखळ्या मिळाल्या. नाजूक, एकसारख्या, आणि दोन्हींच्या टोकाला एकेक घुंगरू. "मोकळं टोक बरं दिसंना," तो म्हणाला. घरी येऊन मी घुंगरं कापली, साखळ्या रंगवल्या. शनिवारी त्या बसवल्या आणि दोन्ही नांगर वर ओढून जहाजाच्या अंगाला पक्के चिकटवले.

रविवारी सकाळी खाली गाडी उभी होती. काकांनी नखाने एक कडी उचलून बघितली. "आता कशी साखळी झाली!" तरी चेहरा खुलला नाही.

"काय राहिलं काका?"

"नांगर वर हायत."

"जहाज निघालंय असं दाखवलंय."

"जहाज निघालं की आम्ही खाली, इंजिनात. दिवस हाय का रात्र, कळायचं न्हाय. नांगर पडला की मगच वर यायला मिळायचं, वारा खायला. एक तरी सोड की खाली."

खाली काकांच्या मुलाने हॉर्न वाजवला. मी ब्लेडचं टोक घालून ग्लू मोकळा केला, बोटभर साखळी सोडली. नांगर जहाजाच्या नाकाखाली लोंबू लागला, जरासा डोलला आणि स्थिर झाला.

"हां," काका म्हणाले. "आता आलो बघ वर."

खोकं मी स्वतः खाली नेलं. मुलगा म्हणाला, "बाबा, डिकीत ठेवूया."

"डिकीत तू बस," काका म्हणाले आणि खोकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले.