खिडकीतल्या बाईंचं नाक

आमच्या गल्लीच्या टोकाला गोदामाची एक आंधळी भिंत आहे. तिला ना दार, ना खिडकी. तिच्यासमोरच्या घरात पेंटर राहतात. दुकानांच्या पाट्या आणि 'येथे गाडी लावू नये', 'आत येऊ नये' असल्या सूचना रंगवण्यात त्यांची हयात गेली. "लोकांना नको म्हणून सांगायचं आणि वर त्याची मजुरी घ्यायची. असा धंदा दुसरा नाही," असं ते म्हणतात.

लग्न होऊन बाई या घरात आल्या, स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि समोर बघतात तो भिंत.

"जन्मभर मी हिच्याकडे बघत पोळ्या लाटू?"

पुढच्या सुट्टीला पेंटरांनी शिडी लावली आणि भिंतीवर खिडकी रंगवली. हिरव्या झडपा सताड उघड्या आणि चौकटीवर कोपर टेकून, मान वळवून गल्लीत बघणाऱ्या, एकाच बाजूनं दिसणाऱ्या खुद्द बाई. गोदामवाल्यानं हू की चू केलं नाही. उलट तो खूश झाला, कारण त्या कोपऱ्यात आडोसा शोधणाऱ्या पुरुषांना एकाएकी लाज वाटू लागली. एक नवा पोस्टमन तर पाकीट उंचावून "बाई, खाली या, सही लागेल" असं बराच वेळ त्या भिंतीला विनवत होता.

बाईंना चित्र आवडलं. नाक सोडून.

"एवढं मोठं आहे माझं नाक?"

"आहे तेवढंच काढलंय."

"जरा आखडतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमचाच रंग वाचला असता!"

दोन-तीन पावसाळ्यांत रंग उडायचा. मग पेंटर पुन्हा शिडीवर आणि बाई खाली दारात मान वळवून उभ्या. "या वेळी तरी नाकाचं बघा हो!" त्या खालून ओरडायच्या. "पुढच्या वेळी," वरून उत्तर यायचं. सगळी गल्ली हसायची. आमच्याकडे उधारी मागायला कोणी आलं, की आम्हीही 'पेंटरची पुढची वेळ' सांगायचो. असं किती वर्षं चाललं, देव जाणे. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी नाक तेवढंच होतं.

मग बाई आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या.

पुढे रंग उडाला तेव्हा पेंटर एकटेच शिडीवर चढले. खाली कोणी ओरडलं नाही. संध्याकाळी उतरले तेव्हा बाईंचं नाक लहान झालेलं होतं. नेटकं, सरळ, त्यांनी आयुष्यभर मागितलं तसं. "शब्द दिला होता," ते ब्रश पुसत म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. आमच्यातल्या एक-दोघांचे डोळेही भरून आले.

सकाळी ते चहाचा कप तसाच हातात घेऊन माझ्या दारात आले.

"जरा बघता का? ती कोण बसलीय तिथे?"

मी बघितलं. छान बाई होती. ओळखीची नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी नाक परत आणायचा ध्यास घेतला. मोठं केलं, बाक दिला, शेंडा खाली ओढला. रोज एक नवीन बाई खिडकीत येऊन बसायची. घरातले फोटो काढून बघितले. पण नाक दिसू नये म्हणून बाई कायम कॅमेऱ्याला थेट समोर तोंड करून उभ्या राहिलेल्या. मुलीनं नाक घेतलं होतं ते बापाचं. शेवटी ते गल्लीत विचारत फिरले. इस्त्रीवालीनं स्वतःच्या नाकावर बोट फिरवून "असं... नाही, असं" म्हणत तीन नाकं दाखवली. न्हावी म्हणाला, "पेंटर, तुमच्या घरातलं एक तुमचंच नाक माझ्या हातात आलंय. बाकी मी काय सांगू?" मीही डोळे मिटून पाहिलं. हसणं आठवलं, हाक आठवली. नाक काही केल्या येईना.

मुलगी आली. कागद-पेन्सिल घेऊन बराच वेळ बसली आणि पेन्सिल ठेवून दिली.

"बाबा, आईकडे कडेनं कोण बघतं हो? आपण समोरूनच बघतो."

"मी बघायचो ना," पेंटर म्हणाले. "शिडीवरून. पण ती खाली उभी असायची, म्हणून पाठ करून ठेवलं नाही."

आता एकच आशा उरली होती. जुनं नाक नव्या रंगाखाली असणार. त्यांनी पातं घेतलं आणि श्वास धरून खरवडायला सुरुवात केली. नवा रंग निघाला आणि त्याच्याबरोबर जुनाही. खाली नुसता गिलावा. मुलीनं खालून शिडी धरली होती. "बाबा, पुरे. उतरा आता," ती म्हणाली. ते उतरले.

आठवड्यानं मी बाहेर पडलो तर पेंटर पुन्हा वर. हिरवा रंग घेऊन ते खिडकीच्या झडपा मिटत होते. एक झडप पूर्ण झाली होती. दुसरी निम्म्यावर, आणि तिच्या कडेला चौकटीवर टेकलेलं बाईंचं कोपर आणि खाली सोडलेला हात, तेवढा अजून होता.

"मिटताय?" मी विचारलं.

"परक्या बाईला किती दिवस बसवून ठेवायचं घरासमोर?"

मी हसलो. ते हसले नाहीत. ब्रश डब्यात बुडवून त्यांनी तसाच हातात धरला. हिरवे थेंब टपटप शिडीवर पडत राहिले.

"हात मात्र बरोबर होता हो," ते म्हणाले. "हाताला ती कधी नावं ठेवायची नाही, म्हणून रंग उडाला तरी त्याच्या रेषेला मी कधी हात लावला नव्हता."

मी खाली शिडी धरून उभा राहिलो. पुष्कळ वेळानं त्यांनी ब्रश उचलला.