माकुणसारच्या मांडवातलं गाणं

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग ते हसू मावळतं. पोलीस खात्यातल्या माणसाने असं लिहू नये म्हणतात, पण आता निवृत्त झालोय, मला कोण मेमो देणार?

तेव्हा मी बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कारखान्यांतल्या चोऱ्या, भंगारवाल्यांची भांडणं आणि किनाऱ्यावरचा बंदोबस्त यांतून डोकं वर काढायला फुरसत नसायची. अशात एका संध्याकाळी पाम गावाहून फोन आला की हळदीच्या मांडवात मारामारी जुंपलीय. बीट हवालदाराला घेऊन मी पोहोचलो, तर नवरदेव हळदीने माखलेला तसाच पाटावर बसलेला, आणि भोवती दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात.

कारण काय, तर गाणं. आमच्या या भागात लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण बोलावतात. हळद लागताना ती नवऱ्याचं, आईबापांचं, आत्या-मावश्यांचं नाव गाण्यात गुंफून आशीर्वाद देते. या घरातल्यांनी धवलारणीला फाटा देऊन डीजेवाल्याकडून गाणं वाजवून घेतलं होतं. स्पीकरने खणखणीत आवाजात आशीर्वाद दिला, पण भलत्याच घरच्या नवरा-नवरीला! नवऱ्याची आत्या हटूनच बसली. "माज्या भाच्याची हळद दुसऱ्याचे नावाने लावली! ह्या मुद्दाम केलाय कोनीतरी." तिची समजूत काढता काढता माझ्या सदऱ्यालाही हळद लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घिवली गावाहून एक धवलारीण आजी ठाण्यात आल्या. पामच्या मांडवात वाजलेल्या गाण्यातला आवाज त्यांचाच होता. ठाणे अंमलदाराने बसायला खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या.

"सायेब, माजी गानी चोरली," त्या म्हणाल्या. "मी जित्ती हाय आनि माजा आवाज माज्याबिगर लग्नाला जातो. मला कोन बोलवत नाय आता. मी काय घरात बसून मरू?"

अंमलदार माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. त्या बाईचा आयुष्यभराचा मान तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या स्पीकरवरून वाटला जात होता. स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि चौकशी सुरू केली.

डीजेवाल्याने पहिल्याच दमात बोईसरच्या एका मोबाईल दुकानदाराचं नाव सांगितलं. दुकानदार तर आम्हाला बघून चहाच मागवायला निघाला. "साहब, चोरी कैसी? लिंक तो सबके पास है. मैंने तो बस पेन ड्राईव्ह में डाल के दिया." त्याने मोबाईल पुढे केला. लिंक दाबली की एक ऑनलाइन फोल्डर उघडत होतं आणि त्यात हळदीची सगळी गाणी एकाच लांब फाईलमध्ये होती. कोणीही यावं आणि उतरवून घ्यावं. गावोगावच्या बायकांच्या ग्रुपांतून ती लिंक फिरत होती.

फोल्डर कोणाचं, हे आमच्या संगणकावर काम करणाऱ्या महिला शिपायालाही कळेना. मालकाच्या नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. फोल्डरची सेवा देणाऱ्या कंपनीला पत्र पाठवायचं म्हणजे उत्तर येईपर्यंत लग्नसराई उलटायची. मी ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि एकदम डोक्यात उजेड पडला. पामला ज्या नावांवरून भांडण झालं, तीच नावं आम्हाला पत्ता सांगत होती! आजींना बोलावून विचारलं, ही नावं कोणत्या घरातली?

आजींनी डोळे मिटून ऐकलं. "ह्यो माकुणसारचा मांडव. आंब्याखाली घातलेला."

माकुणसारला बागायती वाडीतल्या त्या घरी गाण्यातल्या नवरीचे वडील झाडांना पाणी सोडत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलगी लग्न होऊन बोईसरला राहते, एवढं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन ठाण्यात हजर झाली; आजींनाही मी बोलावून घेतलं होतं. आपल्याला आता अटकच होणार, असं धरून ती डबाही घेऊन आली होती. चौकशीचं एक तंत्र असतं. निर्ढावलेल्याला वाट बघायला लावायची आणि घाबरलेल्याला आधी पाणी द्यायचं. तिला पाणी दिलं.

"सर, मीच रेकॉर्ड केलं," ती म्हणाली. "हळदीच्या वेळी मोबाईल मांडीखाली ठेवला होता. मावशीला ऐकायचं होतं. फाईल मोठी, मेसेजमधून जाईना, म्हणून फोल्डरमध्ये टाकली आणि लिंक पाठवली. त्यात 'लिंक असलेला कोणीही' असं होतं, ते मी तसंच राहू दिलं. मावशीने ग्रुपवर टाकलं असेल."

म्हणजे चोर कोणीच नव्हता. माझ्या लेखी प्रकरण इथेच मिटलं होतं. पण समोर बसलेल्या आजी उसळल्या. "आदी ते पुस. माज्यासमोर पुस!"

मुलीने मोबाईल छातीशी घट्ट धरला. "पुसणार नाही. मला काय करायचं ते करा."

आमच्या महिला शिपायाने तिला जवळ घेतलं, तेव्हा खरं बाहेर आलं. लग्नानंतर वर्षाच्या आत तिची आई गेली होती. लग्नाच्या व्हिडिओवर फोटोग्राफरने सगळीकडे सिनेमाची गाणी चढवली होती, माणसांचे आवाज पार पुसून. आईचा आवाज जगात फक्त या एका फाईलमध्ये उरला होता.

"लाव बगू," आजी म्हणाल्या.

तिने लावलं. गाणं चालू होतं आणि मध्येच एक बाई हसत म्हणाली, "धवलारीणबाय, च्या घ्या आदी, आवाज बसेल तुमचा." मग कपबशीचा आवाज, आजींचं खळखळून हसणं आणि पुन्हा गाणं. आजींनी पदर तोंडाशी नेला. ठाण्यातला वायरलेस खरखरत होता, तो मी हात लांब करून हळू केला.

गाणं बंद करून मुलगी म्हणाली, "आजी, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. ठेवू का हे माझ्याकडे?"

"ठेव गो बाय. आईचा आवाज कोन पुसते काय? पन दुसऱ्याचे मांडवात नाय वाजला पायजे."

महिला शिपायाने तिथेच लिंक बंद करून दिली. जी गाणी आधीच लोकांनी उतरवून घेतली होती ती परत येणार नव्हती, हे मी आजींना स्पष्ट सांगितलं. खोटा दिलासा देणं मला कधी जमलं नाही. त्यांनी मान हलवली आणि तक्रार मागे घेत असल्याच्या जबाबावर अंगठा उठवला.

चोरीची तक्रार आली की काय गेलं, एवढंच आम्ही विचारतो. त्या दिवसापासून मी तक्रारदाराला हेही विचारू लागलो की तुम्हाला परत काय हवंय? आजींना फाईल नकोच होती. आपल्याला कोणी विचारलं नाही, हे त्यांना लागलं होतं. बटण दाबून जगभर पाठवता येतं ते ठीक, पण ज्याचं आहे त्याच्या दारात जाऊन विचारायला अजूनही पायच लागतात.

निघताना मुलीने सांगितलं की पुढच्या महिन्यात तिच्या भावाचं लग्न आहे. आई नाही, म्हणून गाणी ठेवलेलीच नाहीत. आजी दारातून मागे फिरल्या.

"म्हंजे काय? आमचे गान्यात गेलेल्या मानसांना पन आवतान असता. मी येतंय. तुजे आईला बोलवू, मंग हळद लावू."

त्या हळदीचं निमंत्रण मलाही आलं. साध्या कपड्यांत गेलो. आजींनी सूर लावला आणि गेलेल्या आईचं नाव घेऊन तिला मांडवात बोलावलं, तेव्हा तिचा नवरा, ते वाडीवाले गृहस्थ, खांबाला धरून ढसाढसा रडले. माझेही डोळे भरून आले. मुलीने पर्समधून मोबाईल काढला, पण रेकॉर्डिंग सुरू केलं नाही. हातात धरून ती विचारल्यासारखी आजींकडे बघत राहिली.

आजींनी गाणं न थांबवता मान डोलावली.