यान घरी पोचलं का

रविवारी दुपारी आम्ही नवराबायको टीव्हीपुढे बसलो होतो. तिची आवडती अंतराळयानाची मालिका कधीच संपली होती. त्याच लोकांचा एक अख्खा सिनेमा त्या दिवशी हिंदीत लागला होता. यान घराकडे वळलं आणि पडद्यावर कोणाची तरी वरात नाचायला लागली.

आमच्या कारंजा गावचा केबलवाला असाच. खांद्यावर वायरचं वेटोळं, नजर नेहमी खांबाकडे. गावातल्या लग्नाची कॅसेट आली की चालू चॅनेल कापून तीच लावतो.

मी फोन केला. "काऊन कापलं बे?"

"होऊन जाते ना, काका."

काही झालं नाही.

"सकाळी इचारजा त्याले, यान घरी पोचलं का," ती म्हणाली. संध्याकाळी तिच्या छातीत दुखलं आणि ती गेली.

सकाळी केबलवाला अंगणात हात जोडून उभा राहिला. मी तेच विचारलं.

"मी टीव्ही पाहतच नाई, काका."

मी स्लॅबवर चढून त्याची वायर कोयत्यानं तोडली. त्यानं ती गुंडाळली आणि तिरडीला खांदा दिला. खांदा सोड, असं ओठांवर आलं होतं. मी मडकं उचललं आणि पुढे चालायला लागलो.