मावसाजींचे कान

माझ्या मावशीचे यजमान दौलत मावसाजी गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या यवतमाळच्या कार्यालयात नुकताच चहा आला होता. मी बातमी सांगितली. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "तेच ना, कानात आवाज येतात म्हणायचे ते?" आणि हसू दाबत बशीत चहा ओतला. महिना होऊन गेला, पण अशा माणसांबद्दल मला काय वाटतं ते सभ्य शब्दांत अजून लिहिता येत नाही. घाटंजीला मातीला जमलेले नातेवाईक काही वेगळे नव्हते. ज्यांनी जिवंतपणी मावसाजींना येडं ठरवलं, तेच दुपट्ट्याने डोळे पुसत "देवमाणूस होता" म्हणत होते. मेलेल्या माणसाला देव करायला काय लागतं?

मावसाजी तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. चामड्याचा रोलर आणि सुरी यांच्यामधून कापूस ओढून सरकी वेगळी करणारी यंत्रं दोन रांगांत धडधडत असायची. मावसाजी पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि कोणत्या यंत्राचं काय दुखतंय ते सांगायचे. चहूकडे कापसाचे ढीग, पण कानात घालायला बोटभर बोळा कुणी कधी सुचवला नाही, मालकाने तर नाहीच. मग ती वाईट वर्षं आली. कापूसच येईना, जिनिंगला कुलूप लागलं, गाव शांत झालं... आणि मावसाजींच्या कानात आवाज सुरूच. आत एखादं यंत्र चालू राहिलंय असं वाटून त्यांनी दोनदा चौकीदाराकडून कुलूप उघडून घेतलं आणि बघून आले. झालं, तेवढ्यावरून ते येडे.

एकदा पानठेल्यावर त्यांच्या जुन्या सोबत्यांमध्ये बसलो होतो. तिघांना हाच त्रास. एक म्हणाला, "माह्या कानात रातकिडे बसले." दुसऱ्याच्या कानात शिट्टी व्हायच्या आधीची कुकरची फुसफुस, जिची शिट्टी कधी होतच नाही. मावसाजी डोळे मिटून म्हणाले, "डाव्या कानात रोलरचं चामडं सुरीले घासून राह्यलं. उजव्यात बेअरिंग सुकं चालून राह्यलं... तेल मांगून राह्यलं." इतकं नेमकं वर्णन मी आमच्या कार्यालयाच्या एकाही अहवालात वाचलेलं नाही.

त्यांना एकच हवं होतं. कुणीतरी शिकलेल्या माणसाने म्हणावं, की हो, तुम्हाला खरंच ऐकू येतं. म्हणून मी त्यांना यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांकडे छापील कागद होता. "शिट्टी की घंटी?" मावसाजींनी रोलरपासून सुरुवात केली. "काका, दोनपैकी एक सांगा." मग त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, थांबला की सोडा. मावसाजींनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. बाहेर नर्स हसायला लागली, डॉक्टर वैतागले. आत मावसाजी अंगठा पांढरा पडेपर्यंत बटण दाबून बसलेले, कारण आवाज थांबतच नव्हता. सांगितलं तसंच ते करत होते. डॉक्टरांनी लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' आणि मी? मी म्हणालो, "माफ करा डॉक्टर, जरा खेडवळ आहेत."

मावसाजींनी ते ऐकलं. एसटीत बसल्यावर म्हणाले, "काहून माफी मागतली बाबू? खोटं दाबलं काय मी?" त्यानंतर त्यांनी माझ्याजवळ आवाजाचा विषय कधी काढला नाही. साहेबांना नावं ठेवायला मी मोकळा आहे, पण मीही त्यांच्याच पंगतीत जेवलेला.

तेरवी आटोपल्यावर मधल्या खोलीत गेलो. थंडीचे दिवस. पलंग रिकामा, गादी गुंडाळलेली, आणि उशाच्या बाजूला टेबलपंखा पूर्ण वेगात फिरत होता. त्या घरघरीत कानातले आवाज बुडून मावसाजींना जरा आराम पडायचा, म्हणून मावशी कित्येक हिवाळे अंगावर दोन गोधड्या घेऊन त्या वाऱ्यात झोपली होती. हे मला त्या दिवशी कळलं. मी पंखा बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे बाबू," मावशी दारातून म्हणाली. "बंद केला का त्याइले आयकू येते."